दात गेल्यावर काय बसवावं

परभणीत दातांच्या लॅबमध्ये मी कवळ्या बनवतो. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक मापांमागं तेच: मिश्री नाहीतर तंबाखू, हिरड्या सैल, मग दात हलला की काढून मोकळं. कीड आणि साखर तर आहेतच.

एखादाच दात गेला असेल तर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला नकली दात, चालतो, पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात. माझ्या तर ते जिवावर येतं. ऐपत असेल तर इम्प्लांट: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर नकली दात, स्क्रू हाडाशी जुळायला साधारण ३ ते ६ महिने. तंबाखू सुटत नसेल तर त्या भानगडीत पडू नका. खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात विचारा.

कवळी बसवली की सुरुवातीला भाकरी वरणात कुस्करून खा, दोन्ही बाजूंनी चावा. टोचली तर डॉक्टरकडं जा. एक मामा घरीच कानशीनं घासून आले होते. सगळी कवळी नव्यानं करावी लागली! रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यानं ती वाकते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं असू द्या, फरशीवर पडली की दोन तुकडे. आणि हुरडा खाल्ल्यावर लगेच काढून धुवा, कण खाली शिरून हिरडी सोलतात.