वळवाच्या वाऱ्याआधी छपराचे पत्रे बघा

एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर ढग काळवंडले, एकदम गार वारा सुटला आणि लांबवर धुळीचा लोट उठला, की हातात मोजकीच मिनिटं असतात. ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरत येते, पाऊस मागून. पत्रे बहुधा कडेनं उचकटतात. त्यामुळे वर दगड ठेवण्यापेक्षा (वाऱ्यात तेच अंगावर येतात) कडेच्या ओळीला जे-बोल्ट (टोकाला आकडा असलेले बोल्ट) जास्त मारा, वासे तारेनं खांबाला आवळा. हे काम मार्चमध्येच उरका. वारा सुटल्यावर शिडी लावायची नाही. झाडाखालची जनावरं हलवा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, महावितरणला कळवा. पडझडीचे फोटो आवराआवरीआधी काढा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.