मासिक पाळीचे चक्र आणि बीजविमोचन: स्वतःच्या नोंदींवरून कसे समजून घ्यावे

पाळी महिन्यातून एकदा येते, एवढेच बहुतेक मुलींना सांगितलेले असते. त्यामुळे ती 40 दिवसांनी आली की त्या घाबरतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत असे होणे अगदी स्वाभाविक आहे.

सुरुवात मोजणीपासून करावी. रक्तस्राव सुरू होतो तो चक्राचा पहिला दिवस, आणि पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवशी ते चक्र संपते. पाळी थांबल्यापासून दिवस मोजण्याची चूक अनेकजणी करतात, म्हणून वहीत सुरुवातीची तारीख आधी लिहावी. स्राव किती दिवस टिकला आणि ओटीपोटात किती दुखले, हेही सोबत नोंदवावे. किशोरवयात 21 ते 45 दिवसांचे चक्र आणि 2 ते 7 दिवसांचा स्राव सर्वसाधारण मानला जातो.

आता शरीराच्या आत काय घडते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) अंडाशयातील काही बीजपुटके, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या सूक्ष्म पिशव्या, वाढू लागतात आणि त्यांपैकी सहसा एकच पूर्ण पक्व होते. वाढणाऱ्या पुटकातून स्रवणारे इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करते, आणि त्याचे प्रमाण पुरेसे वाढले की पीयूषिकेकडून दुसऱ्या एका संप्रेरकाची लाट येऊन पुटक फुटते व स्त्रीबीज बाहेर पडते. यालाच बीजविमोचन म्हणतात. हे बीज साधारण 12 ते 24 तास टिकते. रिकाम्या पुटकातून हे अस्तर टिकवून ठेवणारे प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. गर्भधारणा झाली नाही तर ते कमी होते, अस्तर सुटते आणि पाळी येते. मेंदू आणि अंडाशय यांच्यातील हा मेळ बसायला वेळ लागतो, म्हणूनच सुरुवातीच्या बऱ्याच चक्रांत बीजविमोचन होतच नाही.

बीजविमोचन चौदाव्या दिवशीच होते, हा समज मात्र सोडून द्यावा. ते पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी होते, त्यामुळे मोजणी उलटी करावी लागते: चक्र 36 दिवसांचे ठरले, तर बीजविमोचन झालेच असल्यास ते बाविसाव्या दिवसाच्या आसपास झाले असावे. त्या सुमारास पांढरा स्राव पारदर्शक आणि ताणला जाईल असा होतो, काहींना ओटीपोटात एका बाजूला थोडे दुखते. अर्थात हा हिशेब चक्र संपल्यावरच करता येतो. त्यावरून गर्भधारणेच्या दृष्टीने ‘सुरक्षित’ दिवस ठरवणे मुळीच भरवशाचे नाही.

वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, दोन पाळ्यांमध्ये 90 दिवसांहून अधिक अंतर पडले, स्राव 7 दिवसांपेक्षा जास्त टिकला, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागले किंवा वेदनेमुळे शाळा बुडू लागली, तर आईला अथवा विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीला सांगून डॉक्टरांकडे जावे. नोंदींची वही सोबत न्यावी, कारण शेवटची पाळी कधी आली होती, हा डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो.