कोलेस्टेरॉल कमी करणारा आहार : सुरुवात तेलाच्या कॅनपासून

रक्ताच्या अहवालात एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा वाढलेला दिसला की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड अंड्यावर पडते आणि दुसरी साजूक तुपावर. तुपाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. अंड्याच्या बाबतीत मात्र हिशेब कच्चा आहे. रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच तयार करते. आहारात संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) वाढले की रक्तातील एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता घटते आणि आकडा चढतो. एका अंड्याच्या बलकात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असले तरी संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम असतात. म्हणून पदार्थ निवडताना त्यात संपृक्त मेद किती आणि पाण्यात विरघळणारे तंतू किती, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

पहिला बदल तेलात करावा. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलात संपृक्त मेदांचे प्रमाण साधारणपणे पाचव्या हिश्शाच्या आत असते. पाम तेलात ते जवळपास निम्मे, तुपात 60 टक्क्यांच्या आसपास आणि खोबरेल तेलात 80 टक्क्यांहून अधिक असते. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना भुलू नये, कारण वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा असते. फरसाण, खारी, टोस्ट किंवा क्रीमची बिस्किटे घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. तेथे बहुधा ‘पामोलिन’ (पाम तेलाचाच प्रकार) किंवा ‘वनस्पती’ (वनस्पती तूप) हे शब्द सापडतील. भारतात जानेवारी 2022 पासून खाद्यतेल व वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलेच झाले; पण त्यामुळे खारीतील संपृक्त मेद कमी झाले, असे समजण्याचे कारण नाही.

तेल चांगले असले तरी ते मोजूनच वापरावे. माणशी महिना अर्धा लिटर हे सोपे माप धरून कॅन उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवली, म्हणजे चौघांच्या घरातले दोन लिटर तेल कधी संपते ते आपोआप कळते. कॅन थेट कढईत न उलटता चमच्याने तेल घालावे. मोड आलेल्या मटकीच्या चौघांपुरत्या उसळीला दोन-तीन लहान चमचे तेलाची फोडणी पुरते. कांदा करपेल असे वाटले तर तेलाऐवजी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. तर्री मात्र अशी साधत नाही, तेव्हा मिसळ प्रसंगापुरतीच ठेवलेली बरी.

दुधाकडे सहसा लक्ष जात नाही. म्हशीच्या दुधात 6 टक्के स्निग्धांश धरला, तर 250 मिलिलिटरच्या एका पेल्यात 15 ग्रॅम मेद येतात आणि त्यातले नऊएक ग्रॅम संपृक्त असतात. एलडीएल कमी करू पाहणाऱ्याने संपृक्त मेदांतून एकूण उष्मांकांच्या 6 टक्क्यांहून कमी उष्मांक घ्यावेत, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. 2000 उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा साधारण 13 ग्रॅमची होते. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा दोन-तृतीयांश वाटा संपला. त्यामुळे चहा आणि विरजणासाठी 1.5 टक्के स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध घ्यावे. घरी साय काढणारे पुष्कळ आहेत, पण तीच साय विरजून कढवलेले तूप पुन्हा वरणभातावर येणार असेल, तर त्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. कोकणात आणि गोव्यात हाच हिशेब नारळाच्या घट्ट रसाला लावावा लागतो. बांगडा किंवा तारली ताटात जरूर असावी, मात्र तिरफळ घातलेल्या पातळ तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात. रवा लावून तेलात तळलेली नव्हे.

नुसते वगळून भागत नाही, काही भरही घालावी लागते. विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात व शौचावाटे बाहेर नेतात. मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. ओट्स आणि जव यांतील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू रोज 3 ग्रॅम पोटात गेला तर हा परिणाम मोजता येण्याइतका दिसतो. जवाचे पीठ पोळीच्या कणकेत चौथ्या हिश्शाने सहज मिसळते. ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तमच आहे, परंतु तिच्यातील तंतू मुख्यतः न विरघळणारे असल्याने ती जवाची जागा घेत नाही. राजमा, चवळी, हरभरा, मटकी किंवा कुळीथ यांपैकी एक रोज ताटात असावे. भेंडी, वांगी, पेरू आणि सालीसकट सफरचंद यांचाही उपयोग होतो. इसबगोल घ्यायचा असेल तर तो भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांच्या वेळेपासून निदान दोन तास दूर ठेवून घ्यावा.

तूप सोडून त्याची भरपाई साखर, मैदा किंवा साबुदाण्याने केली, तर एलडीएल थोडे उतरले तरी ट्रायग्लिसराइड हे रक्तातील दुसरे मेद चढू शकतात. मधल्या वेळची भूक मूठभर बिनखारवलेले बदाम, अक्रोड किंवा भाजलेले शेंगदाणे खाऊन भागवावी.

असा आहार दोन-तीन महिने नेटाने पाळून त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. एलडीएल 190 किंवा त्याहून अधिक असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेले कोणी असेल, किंवा मधुमेह वा हृदयविकार आधीच असेल, तर मात्र या दोन-तीन महिन्यांची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे आणि थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू असल्यास आकडा खाली आला म्हणून ती परस्पर बंद करू नये.