पिप, कोंडा, पोएट्री की यूव्ही? पायथन प्रोजेक्टसाठी कधी काय वापरायचं आणि कसं

सबमिशन जवळ आलं की पुण्यातल्या बीईच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतंय पण लॅबच्या मशीनवर इम्पोर्टलाच एरर येतोय आणि उद्या एक्स्टर्नल येणारेत. कोड बघितला तर त्यात बहुतेक वेळा काहीच गडबड नसते, गडबड असते ती पॅकेजेस कुठे टाकलीत आणि कोणत्या व्हर्जनची टाकलीत यात. वर्षभर राबून केलेलं काम अशा कारणाने अडलेलं बघवत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. कमांड्स फोनवर सांगतो तशा लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.

पहिली गोष्ट, सिस्टीमच्या पायथनला हात लावायचा नाही. उबुंटूची स्वतःची बरीच टूल्स त्याच पायथनवर चालतात, त्यात सुडो पिप इन्स्टॉल मारलं की कुठलं तरी पॅकेज वर-खाली होतं आणि मग सिस्टीमचंच काहीतरी बंद पडतं. म्हणूनच डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर साधं पिप इन्स्टॉल केलं तरी ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरमेंट’ असा एरर येतो. नेटवर लगेच उत्तर सापडतं की ब्रेक सिस्टीम पॅकेजेस हा फ्लॅग लावा, पण फ्लॅगच्या नावातच काय होणार ते लिहिलंय ना, नका लावू. तो एरर तुम्हाला एवढंच सांगतोय की आधी वेगळं एन्व्हायरमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा बनव.

आता टूल निवडायच्या आधी कामं वेगळी करून बघा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. पायथनचं कोणतं व्हर्जन हवं हे एक काम, प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणं हे दुसरं, पॅकेज आणून बसवणं तिसरं, आणि नेमकी कोणती व्हर्जन्स बसली ते फाइलमध्ये पक्कं लिहून ठेवणं हे चौथं. पिप फक्त तिसरं करतं. व्हीएन्व्ह फक्त दुसरं करतं. कोंडा आणि यूव्ही जवळपास सगळी करतात, पण वेगवेगळ्या पद्धतीने.

व्हीएन्व्ह पायथन ३.३ पासून म्हणजे २०१२ पासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. उबुंटूवर मात्र त्याचं पॅकेज आधी एपीटीने घ्यावं लागतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं, पायथन डॅश एम व्हीएन्व्ह आणि पुढे डॉट व्हीएन्व्ह असं फोल्डरचं नाव द्यायचं, झालं. आत बघाल तर एक छोटी कॉन्फिग फाइल, बिन नावाचं फोल्डर आणि पॅकेजेसची जागा एवढंच असतं, विंडोजवर बिनच्या जागी स्क्रिप्ट्स. अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर होतं काय तर हे बिन फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढे येतं, बाकी जादू काही नाही, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेट न करता थेट त्या बिनमधलं पायथन पूर्ण पत्ता देऊन चालवलं तरी तेच काम होतं. विंडोजच्या पॉवरशेलने अ‍ॅक्टिव्हेटला नकार दिला तर एक्झिक्युशन पॉलिसी फक्त करंट यूजरसाठी रिमोट साइन्ड करा.

हे समजलं की पेनड्राइव्हचा प्रॉब्लेमही कळतो. बिनमधल्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्याच ओळीत तुमच्या मशीनवरचा पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे एन्व्हायरमेंटचं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून लॅबमध्ये नेलं, किंवा नुसतं प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललं, तरी ते मोडतं. न्यायची असते ती यादी, म्हणजे कोणती पॅकेजेस कोणत्या व्हर्जनची ते लिहिलेली फाइल, फोल्डर नाही. फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाका, यादी गिटमध्ये ठेवा, आणि व्हायवाच्या आठवडाभर आधी फोल्डर सरळ डिलीट करून फक्त यादीवरून पुन्हा उभं करून बघा. उभं राहिलं तर कुठल्याही मशीनवर राहण्याची आशा आहे, नाही राहिलं तर दुरुस्तीला हातात आठवडा तरी आहे.

लॅबचं नेट रडत असेल तर घरून पिप डाउनलोड वापरून सगळी पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवा आणि तिथे नो इंडेक्स आणि फाइंड लिंक्स हे दोन ऑप्शन देऊन त्या फोल्डरमधूनच बसवा. फक्त ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथन व्हर्जन दोन्हीकडे सारखं पाहिजे, विंडोजसाठी कंपाइल झालेली व्हील्स, म्हणजे तयार बांधलेली पॅकेजेस, लिनक्सवर बसत नाहीत.

व्हीएन्व्हची खरी मर्यादा म्हणजे ते पायथन आणून देत नाही, मशीनवर जे असेल त्याच्यावरच उभं राहतं. आणि नेमकं इथेच जुना कोड अडतो. गिटहबवरून तीन-चार वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट घेतला आणि मशीनवर पायथन ३.१२ किंवा त्यापुढचं असेल तर डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल सापडत नाही म्हणून तो रडतो, कारण ३.१२ मध्ये ते काढूनच टाकलंय. तसंच २०२४ च्या जूनमध्ये नमपाय २.० आलं आणि १.एक्ससाठी कंपाइल झालेली जुनी पॅकेजेस त्यावर चालेनाशी झाली, तसा एरर आला की नमपाय २ च्या खालीच ठेवायचं, म्हणजे १.२६, आणि ते यादीत लिहूनच ठेवायचं.

इथे यूव्ही कामाला येतं, आणि आज नवीन प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याला मी तेच सांगतो. रफ हा लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) बनवणाऱ्या अ‍ॅस्ट्रल कंपनीने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलं, रस्टमध्ये लिहिलंय आणि वेग खरंच जाणवतो, पण माझ्या मते वेग हे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण म्हणजे यूव्ही पायथन पिन ३.११ म्हटलं की मशीनवर ते नसलं तरी पुढे लागेल तेव्हा ते स्वतः उतरवून घेतं, यूव्ही अ‍ॅड पांडाज म्हटलं की पायप्रोजेक्ट फाइलमध्ये नोंद होते आणि सोबत लॉक फाइलही, म्हणजे नेमक्या व्हर्जन्सची पक्की नोंद, अपडेट होते, आणि ती लॉक फाइल विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांना एकच चालते. दुसऱ्या मशीनवर नुसतं यूव्ही सिंक. चालवायला यूव्ही रन आणि पुढे फाइलचं नाव, अ‍ॅक्टिव्हेट करायचीही गरज नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायरमेंटमध्ये पिप नसतं, त्यामुळे सवयीने पिप इन्स्टॉल टाइप केलंत तर सिस्टीमचं पिप चालतं, पॅकेज भलतीकडेच जातं आणि इम्पोर्ट तरी फेलच. यूव्ही अ‍ॅड वापरा, नाहीतर यूव्ही पिप इन्स्टॉल. दुसरं म्हणजे पॅकेजेस एका कॅशमध्ये एकदाच उतरतात आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये शक्य तिथे त्याच फाइल्स जोडल्या जातात, त्यामुळे पाच प्रोजेक्टमध्ये पायटॉर्च असलं तरी डिस्क पाचपट भरत नाही, पण कॅश सी ड्राइव्हवर आणि प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर असेल तर हा फायदा जातो आणि पूर्ण कॉपी होते. दोन्ही एकाच ड्राइव्हवर ठेवा.

मग कोंडा कशाला? तुमचं पॅकेज पायथनबाहेरच्या लायब्ररीवर उभं असेल तेव्हा. सॅटेलाइट इमेजेससाठी जीडॅल घ्या, पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस आणतं तिथे, त्याचा फक्त सोर्स मिळतो, म्हणजे मशीनवर जीडॅलची सी++ लायब्ररी आधी जुळणाऱ्या व्हर्जनची हवी आणि मग कंपाइल, विंडोजवर हे करताना रडू येतं. कोंडा ती लायब्ररीच तयार बांधलेली आणून देतं, वर आर, कंपायलर, नेटसीडीएफ असलं सगळं त्याच एन्व्हायरमेंटमध्ये बसतं. खगोलशास्त्राची आयुका किंवा हवामानावर काम करणारी पाषाणची आयआयटीएम अशा ठिकाणी इंटर्नशिपला गेलात तर तिथल्या ग्रुपमध्ये जे चालू असेल तेच घ्या, स्वतःची आवड तिथे चालवू नका.

कोंडा घ्यायचं तर मिनीफोर्ज हा छोटा इन्स्टॉलर घ्या, ढीगभर पॅकेजेससकट येणारा पूर्ण अ‍ॅनाकोंडा नको. कोंडा हे टूल ओपन सोर्स आहे, पण अ‍ॅनाकोंडा कंपनीचा डिफॉल्ट्स चॅनल (चॅनल म्हणजे कोंडा जिथून पॅकेजेस आणतं ती जागा) २०० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना पैसे भरूनच वापरता येतो, आणि हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्या त्यात येतात. जॉइन झाल्यावर ऑफिसच्या लॅपटॉपवर कॉलेजच्या सवयीने अ‍ॅनाकोंडा टाकाल तर आयटीवाल्यांचा मेल येऊ शकतो. मिनीफोर्ज पहिल्यापासून कोंडा-फोर्ज चॅनल वापरतं, तो समुदायाने चालवलेला आणि मोफत आहे.

बेसमध्ये, म्हणजे कोंडाच्या मूळ एन्व्हायरमेंटमध्ये, काही टाकायचं नाही, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायरमेंट. कोंडाची पॅकेजेस आधी, पिपची शेवटी, आणि पिप वापरल्यानंतर पुन्हा कोंडा इन्स्टॉल नाही, कारण पिपने काय बदललं हे कोंडाला नीट कळत नाही आणि फाइल्स एकमेकांवर चढतात. कोंडा फार स्लो म्हणून मांबा हा त्याचा वेगवान पर्याय घ्या हा सल्ला आता जुना झाला, २०२३ च्या शेवटी आलेल्या २३.१० पासून मांबाचाच सॉल्व्हर (कोणती व्हर्जन्स एकमेकांना जुळतात ते शोधणारा भाग) कोंडात डिफॉल्ट आहे. आणि पायटॉर्चसाठी कोंडा लागतंच हेही आता खरं नाही, त्यांनी २.५ नंतर स्वतःच्या कोंडा चॅनलवर पॅकेज देणं बंद केलंय, साइटवरची पिपची कमांड यूव्ही पिपनेही चालते.

पोएट्रीबद्दल थोडक्यात. हेही यूव्हीसारखं प्रोजेक्टची पॅकेजेस सांभाळणारं टूल, २०१८ पासून आहे, लॉक फाइल नीट करते, टीममध्ये आधीपासून चालू असेल तर बदलायचं काहीच कारण नाही. फक्त २.० पासून पोएट्री शेल हे वेगळ्या प्लगइनमध्ये गेलंय, जुन्या ट्युटोरियलमधली ती कमांड चालली नाही तर घाबरू नका.

टूल कोणतंही असो, इम्पोर्ट फेल झालं की सगळ्यात आधी सिस एक्झिक्युटेबल प्रिंट करा. ज्युपिटर किंवा व्हीएस कोडमध्ये पॅकेज एका पायथनमध्ये आणि कर्नल (नोटबुकमधला कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग) दुसऱ्याच पायथनचा असं सर्रास होतं, आणि ही एक ओळ ते लगेच दाखवते. पिपही नेहमी पायथन डॅश एम पिप असंच चालवा, म्हणजे कोणत्या पायथनचं पिप हा प्रश्नच उरत नाही.

जुना प्रोजेक्ट हलवायचा असेल तर पिप फ्रीझची भलीमोठी यादी जशीच्या तशी उचलू नका, तिच्यात तुमच्या पॅकेजेसनी मागून ओढलेली शंभर पॅकेजेस असतात. कोडमध्ये जे इम्पोर्ट दिसतंय तेवढंच यूव्ही अ‍ॅडने टाका, बाकीचं ते स्वतः आणतं. नावं मात्र तपासा, सीव्ही२ चं पॅकेज ओपनसीव्ही-पायथन, पीआयएलचं पिलो, एसकेलर्नचं सायकिट-लर्न, अंदाजाने नाव टाकलं तर भलत्याच कुणीतरी टाकलेलं पॅकेज मशीनवर यायचं. कोंडातून यादी काढताना एक्स्पोर्टला फ्रॉम हिस्टरी हा ऑप्शन लावा, नाहीतर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे बिल्ड नंबरसुद्धा यादीत येतात आणि ती दुसरीकडे बसत नाही, फक्त त्या यादीत पिपने टाकलेलं काही येत नाही, ते हाताने लिहायचं.