रोजच्या विषयासाठी रेकॉर्ड निवडताना

रेकॉर्ड संग्राहकांच्या एका उपक्रमात महिनाभर रोज एक विषय ठरलेला असतो आणि त्या विषयाला धरून आपल्या संग्रहातली एक रेकॉर्ड त्या दिवशी ऐकायची असते. विषय कधी ‘कव्हरवर निळा रंग’ असा नेमका असतो, कधी ‘एकच वाद्य’ किंवा ‘श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेले’ असा असतो, तर कधी नुसताच ‘रात्र’. पहिले काही दिवस आवडत्या तबकड्या बाहेर काढण्यात मजेत जातात. पुढे मात्र कपाटासमोर उभे राहून शोधण्यातच इतका वेळ जाऊ लागतो की स्वस्थ बसून ऐकायला अर्धा तासही उरत नाही. माझ्या मते या उपक्रमाचे मोल आपल्याच संग्रहातल्या दुर्लक्षित बाजूंपर्यंत पोचण्यात आहे, म्हणून निवडीची पद्धतही त्या हेतूला धरून ठरवली पाहिजे.

सुरुवात पहिल्या दिवसाच्या विषयापासून न करता संपूर्ण यादी वाचण्यापासून करावी. ज्या विषयांना संग्रहातली एखाद-दुसरीच तबकडी लागू पडते, ते विषय आधी शोधून त्यांच्यापुढे पेन्सिलीने नावे लिहावीत. समजा, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेली तुमच्याकडे एकच तबकडी आहे, तिचे कव्हर निळे आहे आणि तिच्यात केवळ पियानो आहे. ती तीन दिवसांसाठी योग्य ठरते, पण निळी कव्हरे आणखी सापडतील, पियानोही सापडेल. तेव्हा ज्या दिवसाला दुसरा पर्यायच नाही, त्या दिवसासाठी ती राखून ठेवावी. ‘रात्र’, ‘प्रवास’, ‘आठवण’ यांसारखे ऐसपैस विषय सर्वांत शेवटी भरावेत, कारण त्यांत जवळजवळ काहीही बसवता येते. एक तबकडी महिन्यात एकदाच वाजवायची, हा नियम मी कटाक्षाने पाळावा असे सुचवेन. त्याच्याशिवाय हात पुन्हा पुन्हा त्याच दहा-बारा कव्हरांकडे वळतो.

वर्षाशी निगडित विषय दिसतात तितके सरळ नसतात. लेबलवर वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षराशेजारी छापलेले वर्ष ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचे असते. हातातली प्रत त्यानंतर कित्येक वर्षांनी छापलेली असू शकते. शिवाय संगीत प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष आणखी निराळे असू शकते आणि संकलनात तर एकाच बाजूवर वेगवेगळ्या दशकांतली ध्वनिमुद्रणे एकत्र येतात. म्हणून ‘जन्मवर्षातली तबकडी’ असा विषय असेल, तर ध्वनिमुद्रणाचे, प्रथम प्रकाशनाचे की प्रतीच्या छपाईचे वर्ष धरायचे, हे आधीच ठरवून सबंध महिना तेच पाळावे. प्रतीचा माग काढायचा असेल, तर शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली अक्षरे व आकडे पाहावेत. दिवा तिरपा धरला की ते स्पष्ट दिसतात.

तबकडीच्या प्रकारावरचे विषय ठरवताना थोडा इतिहास उपयोगी पडतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावतात. ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी १९४९ मध्ये बाजारात आली. त्यामुळे ‘छोटी तबकडी’ या विषयासाठी वेळ फारच कमी लागतो आणि तो धावपळीच्या दिवसासाठी सोयीचा ठरतो. ‘मोनो’, म्हणजे एकाच वाहिनीतला आवाज, या विषयाबाबत थोडी सावधगिरी हवी. डाव्या-उजव्या आवाजाच्या वेगळ्या वाहिन्या असलेल्या स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास सर्वत्र मिळू लागल्या, तरी त्यानंतर कित्येक वर्षे एकच अल्बम मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही रूपांत निघत असे. उलट, मूळचे मोनो ध्वनिमुद्रण इलेक्ट्रॉनिक करामतीने दोन्ही वाहिन्यांत पसरवून ‘स्टिरिओ’ म्हणूनही विकले गेले. तेव्हा केवळ वर्षावरून अंदाज न करता कव्हर आणि लेबल दोन्ही वाचावेत.

भाववाचक विषयांत बहुतेकांची निवड शीर्षकापाशी अडते. ‘पाऊस’ म्हटले की नावात पाऊस असलेले गाणे शोधले जाते आणि शोध तिथेच थांबतो. तसे करण्यात चूक काही नाही, पण त्यात ऐकण्यापेक्षा शब्द जुळवणेच अधिक होते. त्याऐवजी त्या विषयात ध्वनीचे कोणते गुण आहेत, हे स्वतःला विचारावे: लय संथ हवी की सलग धावती, वाद्ये मोजकी हवीत की दाट, आवाज जवळून आल्यासारखा हवा की मोठ्या सभागृहातून आल्यासारखा. या प्रश्नांची उत्तरे सापडली की ज्या तबकडीच्या नावात पावसाचा मागमूस नाही, तीही नेमकी बसते. आणि ती बहुधा बरीच वर्षे न ऐकलेली असते.

निवडीचे एकक मात्र तबकडी न धरता तिची एक बाजू धरावी. लाँग प्लेची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते, आणि एवढा वेळ रोज काढता येतो. विषयाशी जुळणारे एकच गाणे असले, तरी ती पूर्ण बाजू सुरुवातीपासून ऐकावी. गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, आणि मध्येच सुई टेकवताना हात हलला तर खाचेवर ओरखडा पडण्याची भीती असते. दोन बाजूंपैकी एक निवडायची असेल, तर कमी ऐकलेली बाजू घ्यावी.

इथे खाचेची भूमितीही ध्यानात घ्यायला हवी. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ हेच अंतर जेमतेम २० सेंटिमीटर उरते. तेवढ्याच वेळाचे संगीत कमी लांबीत कोरलेले असल्याने बाजूच्या शेवटी तार स्वर आणि ‘स’सारखे ऊष्म उच्चार फाटल्यासारखे ऐकू येऊ शकतात. ‘मोठा, भरदार आवाज’ असा विषय असेल, तर तो परिणाम बाजूच्या पहिल्या गाण्यात मिळेल, अशी तबकडी निवडणे चांगले. खूप लांब बाजूंवर खाचा दाटीने बसवाव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळीही खाली ठेवलेली असते. अनेक जुन्या दुहेरी अल्बमांत पहिली आणि चौथी बाजू एकाच तबकडीवर असते. तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रांसाठी ही रचना केलेली होती. सलग दोन बाजू ऐकायच्या असल्यास दोन्ही तबकड्या हाताशी काढून ठेवाव्यात.

निवड आदल्या रात्रीच पक्की करावी, म्हणजे तबकडी तपासायला वेळ मिळतो. तिरप्या उजेडात धूळ, बोटांचे ठसे आणि ओरखडे पाहावेत, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा आणि ओली स्वच्छता केलीच तर तबकडी पूर्ण वाळल्याशिवाय वाजवू नये. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेला द्राव लावू नये, त्याने लाख विरघळते. तिची खाच रुंद असल्यामुळे सुईही निराळी लागते: टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन, तर लाँग प्लेसाठी ती २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असते. वेगळी सुई नसेल, तर ७८ फेऱ्यांची तबकडी यादीतून काढूनच टाकावी.

वहीत तारीख, तबकडीचे नाव, बाजू आणि ती का निवडली याचे एक वाक्य, एवढे वाजवण्यापूर्वीच लिहावे. ऐकल्यानंतर दुसरे वाक्य लिहावे. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन विषय उरकू नयेत. चुकलेला विषय महिन्याच्या शेवटी जोडावा. एखाद्या विषयाला संग्रहात खरोखरच काही सापडले नाही, तर ओढूनताणून अर्थ लावण्यापेक्षा ओळखीच्या संग्राहकाकडून एखादी तबकडी उसनी आणावी आणि ऐकून झाल्यावर आतल्या पाकिटासह, उभी धरून परत करावी.