महिला बराकीत समुपदेशनाला जाताय? आधी झोपेबद्दल विचारा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, कारागृहात काम मिळालं, आणि महिला बराकीतल्या एकूण एक फॉर्मवर व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ दिसलं, तर त्या ‘नाही’वर अजिबात विसंबू नका. सांगली-मिरजेकडे काम सुरू केलं तेव्हा मीही त्यातच अडकले होते. देशातल्या बंद्यांत स्त्रिया साधारण ४ टक्के. त्यामुळे प्रश्न, वेळापत्रक, सगळं पुरुषांना धरून ठरतं.

जत-आटपाडीकडची एखादी बाई नुकतीच आत आलीय. महिला रक्षक शेजारी उभी, आणि तुम्ही विचारता, ‘दारू पिता का?’ ती हो कशाला म्हणेल? तिच्यावर गुन्हाच गावठी विकल्याचा, दारूबंदी कायद्याखालचा असू शकतो. हो म्हटलं तर केस अंगाशी येईल, असं तिला वाटतं. सासरी कळलं तर पोरांना मुलाखतीला, म्हणजे कारागृहात भेटायला, आणणार नाहीत, ही भीती तर त्याहून मोठी. मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, तिच्या लेखी दात घासण्यातली गोष्ट. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनीच दिलेल्या, मग ते व्यसन कसं?

आणि आत आल्यावर हे सगळं एकदम तुटतं. मिश्री बंद झाली की चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं. बराकीत ती भांडखोर ठरते. रोज पिणारीची दारू तुटली की पहिल्याच दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना नसलेली माणसं दिसायला लागतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. गोळ्यांची सवय असेल आणि त्या अचानक थांबल्या, तरी फिटचा धोका असतोच. पुरुषाला असं झालं तर कुणीतरी ‘दारू तुटलीय’ म्हणतं. बाईला म्हणतात अंगात आलंय, नाहीतर नाटक करतेय. स्पष्ट सांगते, इथे समुपदेशन करत बसायचं नाही. त्याच तासाला कारागृहाच्या डॉक्टरांना सांगा आणि सिव्हिलला न्यायला लावा. यात माणूस दगावतो.

मी आता व्यसनाचा विषय आधी काढत नाही. झोप लागते का मावशी? घरी झोपेसाठी काय घ्यायचात? मिश्री दिवसातून किती वेळा? नवरा प्यायचा तेव्हा तुम्हालाही द्यायचा का? रक्षक मॅडमना दिसेल पण ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर उभं राहायची विनंती करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ गोपनीयतेचं आहे, ते पाठ असू द्या. याच कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार मानसिक आजारातच धरलेत, आणि कलम १०३ खास बंद्यांसाठी आहे. तेव्हा उपचार मागताना आवाज खाली ठेवायचं कारण नाही.

बायकांच्या बाबतीत दारूमागे बऱ्याचदा मारहाण असते, जुनं नैराश्य असतं. दारू सुटली की मन आपोआप ताळ्यावर येईल, हे खरं नाही. दोन्हींवर उपचार एकाच वेळी लागतात.

दोन दिवसांचे ‘प्रमाणित समुपदेशक’ कोर्स करून या कामाला येऊ नका, असं माझं ठाम मत आहे. बराकीत न जाता फक्त फाइल वाचून मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठांपासूनही लांब राहा. मला जास्त शिकवलं ते कारागृहाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने आणि रात्रपाळीच्या रक्षकांनी. कोण झोपत नाही, हे त्यांना माहीत असतं.

पहिल्या भेटीत ती गप्प राहिली म्हणून खचू नका. बहुतेक जणी गप्पच राहतात. पुन्हा जा, ठरल्या दिवशीच जा.

सुटकेची तयारी मात्र पहिल्या आठवड्यातच करा. न्यायाधीन, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्या, बंदीचा जामीन कधी होईल सांगता येत नाही, आणि संध्याकाळी गेटबाहेर पडताना औषधं आतच राहतात. पुरुषाला न्यायला आई नाहीतर बायको आलेली असते. बाईला बऱ्याचदा जामीनदारच मिळत नाही, न्यायला कोण येणार? म्हणून औषधांच्या चिठ्ठीची प्रत, ओपीडीची पुढची तारीख आणि एका भरवशाच्या माणसाचा नंबर तिच्याजवळ आधीच देऊन ठेवा. भरती व्हायची तयारी असेल तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा ‘निशिगंध’ हा बायकांसाठी वेगळा विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत चालतो. मराठीत बोलता येतं. वाचता येत नसेल तर तो तोंडपाठ करून घ्या.