वणव्याशी जुळवून घेणाऱ्या वनस्पती : या चुका टाळा

वणवा विझल्यानंतर सगळ्यात जास्त नुकसान घाईने होतं. काळंठिक्कर खोड दिसलं की झाड मेलं असं धरून कुऱ्हाड चालवली जाते. जरा थांबा. निलगिरीच्या बऱ्याच जातींत आणि बुचाच्या ओकमध्ये सुप्त डोळे सालीच्या आड सुरक्षित राहतात. शेंडा जळाला की ते जागे होतात आणि काही आठवड्यांत उघड्या खोडावरच पालवी फुटते, अगदी बुंध्यापासून वरपर्यंत. काही झाडांचे डोळे बुडाशी मातीखालच्या लाकडी गाठीत असतात. वर ज्वाळा असल्या तरी काही सेंटिमीटर खाली माती फारशी तापत नाही, त्यामुळे ही गाठ बचावते.

म्हणून झाड तपासायचं तर शेंड्याकडे बघू नका, बुडाशी वाका. साल चाकूच्या टोकाने किंचित खरवडा. खाली ओलसर, हिरवट-पांढरा थर लागला तर ती बाजू जिवंत आहे; कोरडा, तपकिरी लागला तर गेली. चारही बाजू पाहा आणि वाढीचा एक हंगाम सरेपर्यंत निकाल देऊ नका. वाटेवर झुकलेलं, आतून जळून पोकळ झालेलं झाड मात्र अपवाद. ते लगेच काढलेलंच बरं.

दुसरी चूक एका जातीवरून अख्ख्या कुळाची परीक्षा करण्याची. आग्नेय ऑस्ट्रेलियातला ‘माउंटन अ‍ॅश’ हाही निलगिरीच, पण तीव्र आगीत तो मरतो आणि सहसा फुटत नाही. त्याची पुढची पिढी शेंड्यावरच्या फळांतून राखेत पडणाऱ्या बियांतूनच येते. तिथे फुटव्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

रोपवाटिकेत सगळ्यात जास्त फसगत होते ती बियांची. ‘वणव्यातली झाडं आहेत, बी भाजा’ हा सल्ला सरसकट दिला जातो आणि बी करपतं. आधी बीला नेमकं काय अडवतंय ते ओळखा. ऑस्ट्रेलियन बाभळीसारख्या शेंगावर्गीय बियांचं कवच पाणीच आत घेत नाही. आगीची धग त्याला बारीक चीर पाडते. इथे पाणी उकळून आचेवरून उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच निवू द्या. सकाळी टम्म फुगलेलं बी पेरा. न फुगलेलं फेकू नका, त्याला पुन्हा तोच उपचार द्या.

अनेक बियांना मात्र धग नको, धूर हवा असतो. हे दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉस झुडपांवरच्या प्रयोगांतून 1990 मध्ये समोर आलं. पुढे 2004 मध्ये धुरातलं कॅरिकिनोलाइड हे संयुग ओळखलं गेलं. ते अत्यल्प प्रमाणातही उगवण घडवतं, म्हणून धूर मुरवलेलं पाणी दाट वापरणं ही हमखास होणारी चूक. दाट द्रावणाने उगवण उलट अडते. बरंच पातळ करा, मोजक्या बियांवर आजमावा, साध्या पाण्यातल्या बियांशी ताडून पाहा, मगच उरलेल्या भिजवा. धूर सुक्या पाल्याचा घ्या. रंग दिलेलं लाकूड किंवा प्लास्टिक त्यात नको.

उत्तर अमेरिकेतल्या लॉजपोल पाइन या झाडाचं बी राळेने बंद झालेल्या शंकूंत असतं, पण तेही जाळायची गरज नसते. राळ साधारण 45 ते 60 अंश सेल्सिअसला वितळते. शंकू उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून उबदार जागी वाळवले की खवले उघडतात.

आणि ‘ही झाडं आगीला सरावलेलीच आहेत, लागू दे पुन्हा’ हा समज सगळ्यात महाग पडतो. झाड जुळवून घेतं ते ठरावीक ऋतूतल्या, ठरावीक तीव्रतेच्या आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या आगीशी. माउंटन अ‍ॅशला पुरेसं बी धरायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर पेरायला झाडाकडे काहीच नसतं. कॅलिफोर्नियातली चॅपरल झुडपं वरचेवर जळाली की त्यांच्या जागी बाहेरून आलेलं गवत माजतं, आणि ते गवत आणखी लवकर पेट घेतं. तेव्हा थोड्या वर्षांत दोनदा जळालेल्या जागी ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून देऊ नका. फांद्यांवर फळं आणि मातीत बी शिल्लक आहे का ते आधी पाहा. नसेल तर त्याच भागातलं बी आणून पेरा, तेही गवत जम बसवण्याआधी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात माउंटन अ‍ॅशच्या अशा जंगलांवर हेलिकॉप्टरमधून बी टाकावं लागलं आहे.